बटणआत्या आणि टॉवरखालचा रेडा

आमच्या आत्याचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे आणि तिथंच ते सुखात आहे. घरात, गल्लीत आणि पुढे ऑफिसातसुद्धा ती 'बटण'च. रिकाम्या खोलीत दिवा चालू दिसला की तिच्या बोटांना खाज सुटते. माणूस खुर्चीतून उठून पाणी प्यायला गेला की तो परत येईपर्यंत पंखा बंद. लहानपणी ती शेजारपाजारच्या घरांत शिरूनही दिवे घालवून यायची. शेजारी तोंडभरून कौतुक करायचे. मग एकदा आत पाहुणे बसलेले असताना तिनं दिवा घालवला आणि कौतुक आटोपतं झालं.

या छंदाचा कळस म्हणजे आबांचा किस्सा. आबा म्हणजे माझे आजोबा, तिचे वडील. त्यांना संडासात पेपर वाचायची सवय, आणि दिव्याचं बटण बाहेरच्या भिंतीवर. आत्या तेव्हा प्राथमिक शाळेत होती. ती तिथून चालली होती. आतून पाण्याचा आवाज नाही, खोकला नाही, पान उलटल्याची सळसळसुद्धा नाही. तिनं अंदाज बांधला, आत कोणी नाही. खट्.

अंधारातून आवाज आला, "अगं ए, आत माणूस आहे!"

"मग बोलत का नाही?"

"संडासात काय भाषण ठोकू?"

तेव्हापासून आमच्या घरात कायदा झाला. बटण दाबण्याआधी दार वाजवायचं आणि विचारायचं, "आत कोणी आहे का?" आत्यानं तो इमानेइतबारे पाळला, पण आबांचा विश्वास उडाला तो उडालाच. आजही पेपर घेऊन आत जाताना ते घरभर ऐकू जाईल असं ओरडतात, "मी आत आहे गं! बोलत नाहीये, पण आहे!" आत्या परगावी असली तरी ओरडतात. सवय.

आता अशा बाईनं कुठं नोकरी करावी? ती रेडिओ लहरींचं शिकली, चांगली वरच्या नंबरात पास झाली आणि एका मोबाइल कंपनीच्या मुख्य कचेरीत चिकटली. काम काय, तर गावोगावच्या टॉवरखालच्या जनरेटरांना डिझेल मंजूर करायचं. दिवसभर सह्या. "शाकाहारी माणसाला खाटकाच्या गल्ल्यावर बसवावं तसं झालंय दादा माझं," असं ती बाबांना फोनवर म्हणायची. बाबा तिचे थोरले भाऊ. ते म्हणायचे, "बसायला खुर्ची आहे ना? मग गप बस." बाबा काच कारखान्यात भट्टीवर असतात, त्यांना खुर्चीचं अप्रूप.

डिझेलचा विषय निघालाच आहे तर आमच्या रेड्याबद्दल सांगायला हवं. आमची गल्ली संपते तिथं एक टेकाड आहे. टेकाडावर मोबाइलचा टॉवर आणि टॉवरखाली जनरेटर. आमच्याकडची वीज म्हणजे लहरी पाहुणा, येते कधी, जाते कधी, सांगायची पद्धत नाही. ती गेली की जनरेटर आधी कण्हायचा, मग खाकरायचा आणि मग असा काही रेकायचा की फळीवरची भांडी थरथरायची. म्हणून तो रेडा. त्याचा धूर दोरीवरच्या कपड्यांवर नेम धरून यायचा. बाबांचे पांढरे शर्ट दुकानात असेपर्यंतच पांढरे असायचे. आणि त्याच्या आवाजावर मात करायची म्हणून आमची अख्खी गल्ली ओरडून बोलायला शिकली. बाहेरच्या माणसाला वाटायचं इथं डोकी फुटणार. प्रत्यक्षात एक जण दुसऱ्याला 'जेवण झालं का' असं विचारत असायचा.

रेड्याचा सांभाळ जनरेटरकाका करायचे. डिझेल घालायचं, तेल बघायचं, फडक्यानं अंग पुसायचं. इतक्या वर्षांच्या सहवासात काकांच्या एका कानानं राजीनामा दिला होता आणि दुसरा नोटिशीवर होता.

तर एकदा कचेरीतल्या बैठकीत आत्याचं तोंड सुटलं. तिचे साहेब, तसा सज्जन माणूस, डिझेल कमी कसं करायचं म्हणून विचारत होते. कोणी म्हणालं टाक्या मोठ्या करू, कोणी म्हणालं गाड्या वेळेवर पाठवू. आत्या म्हणाली, "साहेब, घरात सगळे दिवे जळतायत आणि आपण तेल कुठून आणायचं ते बोलतोय. आधी दिवे घालवा की."

"म्हणजे?"

"एका टॉवरवर आपण तीन दुकानं थाटलीत. एक नुसतं बोलण्याचं, दोन बोलणं आणि इंटरनेट दोन्हींची. गिऱ्हाईक असो नसो, तिन्ही शटरं सताड वर. गर्दी नसेल तेव्हा दोन खाली ओढा, एक उघडं ठेवा. मग सूर्याच्या पॅनेलांवर आणि बॅटरीवर टॉवर आरामात चालेल. जनरेटर हवाच कशाला?"

दोघंचौघं हसले. साहेब हसले नाहीत, कारण त्यांचं लक्ष चार्जर शोधण्यात होतं. ही साहेबांची खासियत. मोबाइल कंपनीतला एवढा मोठा माणूस, पण फोन कायम शेवटच्या घटका मोजत असतो. चार्जर सापडल्यावर ते म्हणाले, "ठीक आहे, करून दाखवा. तुमच्याच गावात. हंगामभर जनरेटर सुरू झाला नाही आणि लोकांची तक्रार आली नाही, तर तो उचलू. मग बाकीच्या गावांचेही उचलू. नाही जमलं तर..."

"तर मी मुकाट्यानं सह्या करत बसेन," आत्या म्हणाली.

अशी ती घरी आली, एक बॅग आणि एक लॅपटॉप घेऊन. हातपाय धुवायच्या आधी टेकाडावर गेली. टॉवरच्या खोलीत एसी इतका सोडलेला की जनरेटरकाका भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसले होते.

"काका, ही यंत्रं गरमी सहन करतात. एसी कोणासाठी?"

"साहेब लोक येतात ना कधी. त्यांना बरं वाटतं."

"शेवटचे कधी आले होते?"

काकांनी बराच विचार केला. "हा स्वेटर नवा होता तेव्हा."

एसी बंद झाला. भिंतीला खाली आणि वर झरोके पाडले, गरम हवा आपल्या पायांनी बाहेर जायला लागली. बॅटऱ्यांना मात्र गरमी सोसत नाही, म्हणून त्यांचे जावयासारखे लाड. जमिनीत खड्डा, विटांची पेटी, वर सावली. टेकाडाच्या उतारावर पॅनेलं बसली. काका सगळं तोंड पाडून बघत होते.

"रेडा गेला तर मी काय राखू?"

"पॅनेलं राखा. धूळ बसली की धुवायची, पुसायची."

"ती बोलत नाहीत."

"रेडा काय बोलायचा?"

"मनातलं सगळं," काका म्हणाले आणि स्वेटर काढून घडी घालायला लागले.

रेडा अजून जागेवरच होता. बॅटरी ठरलेल्या खुणेच्या खाली गेली की तो आपोआप सुरू होणार होता. म्हणजे आत्या नापास झाली तर निकाल गावाला वाचावा लागणार नव्हता, ऐकू येणार होता.

शटरं कधी ओढायची, ते गावाच्या बोलण्यावरून ठरणार होतं. टॉवर सगळं मोजतो, कोण किती वेळ बोललं, कोणी किती इंटरनेट ओढलं. आत्यानं आकडे पाहिले आणि तिला गुदगुल्याच झाल्या. दुपारपासून संध्याकाळ होईपर्यंत आमचा गाव जवळजवळ मुका. अर्धा गाव काच कारखान्यात. भट्टीपाशी फोन नेऊ देत नाहीत, ते गेटवरच्या कपाटांत बंद. उरलेला अर्धा गाव आडवा झालेला. आत्यानं टॉवरला नियम घालून दिला, बोलणं कमी झालं की दोन शटरं खाली, बोलणं वाढलं की वर. दुपारी टॉवर छान पेंगला. बॅटरी टम्म फुगली. आत्या आईला म्हणाली, "वहिनी, आज मी चहा करते," म्हणजे बघा.

तो चहा प्यायची वेळ आलीच नाही. बाबा दारातून आले ते भट्टीची धग बरोबर घेऊनच.

"पाणी काढलं का अंघोळीचं?"

"तुम्ही निघालात हे मला कसं कळणार?" आई म्हणाली. "रिंग कुठं दिलीत?"

"दिली की! एक दिली, लागेना म्हणून परत दिली!"

"मला काही आली नाही!"

इथं आमच्या गावची रीत सांगायला हवी. कारखान्याचा भोंगा झाला की प्रत्येक जण कपाटातून फोन काढतो आणि घरी एक रिंग देऊन तोडतो. एक रिंग म्हणजे निघालो. मग इकडे पाणी तापतं, चहा चढतो. दोन रिंगा म्हणजे आज थांबावं लागतंय, वाट बघू नका. फोन कोणी उचलत नाही. उचलणं हा आमच्याकडे फाऊल आहे. पूर्वी बोलणं महाग होतं तेव्हाची ही सवय, पण स्वस्त झाल्यावर मोडली नाही, त्याला कारण आहे. फोन उचलला की पलीकडून 'येताना जरा हे आणा, ते आणा' सुरू होतं, हे कारखान्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

त्या संध्याकाळी जवळजवळ एकाही घरी रिंग पोचली नाही. गल्लीभर एकच ओरडा. पलीकडच्या घरी सासूबाई सुनेला म्हणत होत्या की त्याला काही झालं तर नाही ना, आणि तो धडधाकट माणूस दारात उभा राहून अंघोळीचं पाणी मागत होता. सगळ्यांचा मोर्चा आमच्या ओट्यावर आला.

आत्यानं लॅपटॉप उघडला. "पण त्या वेळी कोणी फोनच केलेला नाही. हे बघा, बोलणं शून्य."

"वन्सं," आई म्हणाली. आई तिला एरवी 'बटण'च म्हणते. वन्सं म्हणाली की समजायचं, वारं फिरलं. "शून्य नाही तर काय असणार? आम्ही बोलतो कधी?"

गिऱ्हाईक नाही म्हणून टॉवरनं दोन शटरं ओढलेली आणि नेमका तेव्हाच सगळा कारखाना एका खिडकीवर तुटून पडला. दोघा-तिघांची रिंग लागली असेल, बाकीचे रांगेतच गुदमरले.

साहेबांचा फोन लगेच आला. कारण तक्रार करायला मात्र सगळे बोलले होते. "हे टॉवर झोपवणं ताबडतोब बंद करा."

"बंद केलं तर ढगाळ दिवसांत बॅटरी पुरणार नाही साहेब. रेडा ओरडेल."

"आणि चालू ठेवलं तर लोक ओरडतील."

"मला नियम दुरुस्त करू द्या."

"दुसरी तक्रार आली की खेळ खलास," साहेब म्हणाले आणि फोन मध्येच मेला. रागानं नाही, चार्जिंग संपलं म्हणून.

आत्या मागच्या पायरीवर जाऊन बसली. जिनं आयुष्यभर रिकाम्या खोल्या अचूक ओळखल्या, तिनं भरलेल्या घराचा दिवा घालवला होता. गल्लीतून जाणारा येणारा टोमणा मारत होता. "काय बटणबाई, आज कोणाचं घालवलं?" सह्यांची खुर्ची तिला समोर दिसत असणार.

इतक्यात आबा पेपर घेऊन तिच्या बाजूनं संडासाकडे गेले. दार लावलं. आणि नेहमीप्रमाणे ओरडले, "मी आत आहे गं! बोलत नाहीये, पण आहे!"

आत्या ताडकन उठली आणि दार बडवायला लागली. "आबा! आबा, बाहेर या!"

"आत्ताच तर आलोय!"

"अहो, सापडलं!"

"काय सापडलं? इथं सापडण्यासारखं काही नाही!"

ती बंद दारालाच सगळं समजावत सुटली. मीही ऐकलं, म्हणून सांगू शकतो. टॉवर बोलणं मोजतो, पण रिंग म्हणजे बोलणं नव्हे, ते दार वाजवणं. आमचा सगळा गाव दारं वाजवतो आणि निघून जातो, बोलत कोणी नाही. म्हणून यंत्राला वाटतं घर रिकामं आहे. "तुम्ही गप्प होता म्हणून मी दिवा घालवला होता ना? तीच चूक मी यंत्राला शिकवली!"

आतून पेपरची सळसळ झाली. "मला हे पहिल्यापासून ठाऊक होतं," आबा म्हणाले. त्यांना काडीचं काही ठाऊक नव्हतं.

नियम बदलायला वरून परवानगी लागत होती. साहेब म्हणाले, "पण हे लोक तर बोलतच नाहीत. त्यांच्यासाठी टॉवर जागा ठेवायचा?"

"न बोलणारा माणूसही माणूस असतो साहेब. शंका असेल तर माझ्या वडिलांशी बोला."

आबांचं आणि साहेबांचं बोलणं काय झालं माहीत नाही, पण साहेब बराच वेळ हसत होते आणि परवानगी आली.

आत्या स्वतः कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहिली. कपाटं उघडताना, फोन चालू होताना, रिंगा सुटताना बघितलं. मग टॉवरला नवा धडा दिला. नुसतं बोलणं मोजायचं नाही, टकटकसुद्धा मोजायची. भोंग्याची वेळ जवळ आली की न सांगता तिन्ही शटरं वर. गर्दी ओसरली की पुन्हा दोन खाली, पण खाली ओढण्याआधी एकदा बघायचं, कोणाची टकटक चालू तर नाही ना. आमच्या घरचा कायदाच तिनं यंत्राला लावला.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि आईचा फोन वाजला. एकदा. आईनं गॅस पेटवला आणि म्हणाली, "चहा तू करणार होतीस ना?" वन्सं गेलं, तू आलं. घरातला खटला निकाली निघाला.

पुढचे दिवस कसे गेले ते कळलं नाही, कारण ऐकायला काही नव्हतं. वीज जायची, यायची, रेडा गप्प. दोरीवरचे शर्ट पांढरेच्या पांढरे राहिले. बाबांना स्वतःचाच शर्ट ओळखू येईना, ते शेजाऱ्याला परत द्यायला निघाले होते.

आणि अगदी चाचणीच्या शेवटी आभाळ रुसलं. ढग असे दाटले की पॅनेलांना सूर्य आठवेना. सकाळ दुपार सारखीच करडी. वर वीजही गेली ती गेलीच, कुठं तरी मोठा खांब पडला होता म्हणे. बॅटरी उतरायला लागली. बरोबर त्याच दिवशी, शेवटचा दिवस म्हणून, साहेब गाडी घेऊन हजर.

"चार्जर आहे का हो?" हे त्यांचं गावातलं पहिलं वाक्य.

"चार्जर आहे, वीज नाही," आई म्हणाली.

जनरेटरकाका आत्याला बाजूला घेऊन, म्हणजे त्यांच्या मते कुजबुजत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "गावाला सांगू का, आजचा दिवस व्हिडिओ बघू नका म्हणून? लोक ऐकतील."

मला वाटलं आत्या हो म्हणेल. माझ्या मनात तेच होतं. पण ती म्हणाली, "नको काका. लोकांनी टॉवरला सांभाळायचं नाही. टॉवरनं लोकांना सांभाळायचं. नाहीतर मी केलं काय?"

काका फडकं घेऊन पॅनेलं पुसायला गेले. ढगांतून येईल तेवढा उजेड तरी स्वच्छ काचेवर पडावा.

भोंग्याची वेळ झाली. आम्ही सगळे ओट्यावर. साहेब खुर्चीत, हातात बंद पडलेला फोन. आत्याच्या लॅपटॉपवर बॅटरीची रेघ खुणेच्या जरा वर लोंबकळत होती. शटरं वर गेली की ती आणखी उतरणार. शेजारपाजारची माणसंही दारात येऊन उभी होती, कान टेकाडाकडे. आमची गल्ली इतकी शांत मी कधी पाहिली नव्हती. एवढी माणसं आणि कोणी ओरडत नाही!

भोंगा झाला.

आई फोन पदरात धरून बसली होती. फोन वाजला. एकदा. तिनं मान हलवली. पलीकडच्या घरात वाजला. त्याच्या पलीकडे. समोरच्या ओळीत. मग मोजायची सोयच राहिली नाही. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रिंगा उमटत गेल्या, एकेकच, आणि प्रत्येक घरातून 'निघाले!' 'निघाले!' असे आवाज.

साहेबांना राहवेना. "अहो, उचला ना कोणी तरी!"

"नको!" गल्ली एका सुरात ओरडली.

रेघ खुणेकडे घसरली, घसरली, आणि गर्दी सरली तशी टॉवरनं दारं चाचपून बघितली, दोन शटरं हळूच खाली घेतली. रेघ थांबली. टेकाडावर कण्हणं नाही, खाकरणं नाही. फक्त वारा.

पण खरा निकाल सकाळी लागायचा होता, कारण रात्रभर उजेड मिळणार नव्हता. साहेब आमच्याकडेच राहिले. रात्री गाव झोपला तसा टॉवरही एक डोळा उघडा ठेवून झोपला. उजाडताना जनरेटरकाका टेकाडावर चढले. आम्ही खालून बघत होतो. त्यांनी रेड्याच्या पाठीवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग वळून, त्या कानांच्या माणसाला जमेल तेवढ्या जोरात ओरडले,

"गार आहे!"

गल्लीनं जो जल्लोष केला, त्यापुढे रेडा म्हणजे कोकरू. बाबांनी आत्याला उचललं की काय असं वाटलं, पण बाबा तसे नाहीत. ते फक्त म्हणाले, "बस आता, खुर्ची आहे इथं." आणि स्वतः उठले. आमच्या बाबांनी दिलेलं यापेक्षा मोठं पदक मला माहीत नाही.

रेडा न्यायला क्रेन आली. काकांनी त्याला शेवटचं पुसलं. आता ते पॅनेलं राखतात आणि त्यांच्याशी बोलतात. ती ऐकून घेतात, उलट उत्तर देत नाहीत, हा गुण त्यांना हळूहळू आवडायला लागला आहे. गावाची मात्र पंचाईत झाली. आवाज गेला, ओरडायची सवय राहिली. पहिल्याच आठवड्यात कोणाचं कोणाशी काय चाललंय ते सगळ्या गल्लीला कळलं. आबा म्हणाले, "शेजारी माझ्याबद्दल काय म्हणतात ते इतकी वर्षं रेड्यानं झाकून ठेवलं होतं. भला होता बिचारा."

साहेबांनी शब्द पाळला. आत्याच्या टेबलावरचे डिझेलचे कागद गेले. आता ती गावोगाव फिरून रेडे घालवते. कुठंही गेली की पहिला प्रश्न ठरलेला, "तुमच्याकडे न बोलता फोन कोण करतं?" लोक चमकतात, मग हसतात, मग सांगतात. एका गावात नदीपलीकडून दोन रिंगा आल्या की नावाडी होडी सोडतो. एका गावात एक रिंग म्हणजे पंप बंद करा. तिचा टॉवर झोपतो, पण ही सगळी टकटक ऐकून झोपतो.

मुक्कामी पोचली की ती घरी एक रिंग देते. पोचले. आम्ही ऐकतो, मान हलवतो, कामाला लागतो.

परवा तिची रिंग आली तेव्हा फोनपाशी नेमके आबा होते. त्यांनी झडप घालून उचलला.

"आबा!" पलीकडून आत्या किंचाळली. "उचललात कशाला? बॅटरी खाल्लीत ना उगाच!"

"काही नाही गं," आबा म्हणाले. "आत कोणी आहे का, ते बघत होतो."